पीआरमध्ये नवे आहात? पहिल्या वर्षी आपलं नाव कसं सांभाळायचं

मास कॉमची पदवी घेऊन पीआर एजन्सीत रुजू झालात की पहिल्या आठवड्यात मीडिया लिस्ट मिळते, लॉगिन मिळतं, क्लायंटचं सादरीकरण मिळतं. काय करायचं नाही, हे मात्र कुणी समोर बसवून सांगत नाही. ते धक्के खात कळतं, आणि तोवर एखाद्या वार्ताहराने तुमचा फोन उचलणं बंद केलेलं असतं. मी पुण्या-मुंबईत आधी एजन्सीच्या आणि नंतर कंपनीच्या बाजूने हे काम केलं आहे. नव्या मुलामुलींना मी जे तोंडी सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मराठी माध्यमांचं वर्तुळ फार लहान आहे. आज एका दैनिकात महापालिका बीट बघणारा उद्या दुसऱ्या दैनिकात मुख्य वार्ताहर असतो, परवा एखाद्या पोर्टलचा संपादक. तुमचे क्लायंट बदलतील, एजन्सी बदलेल, पण त्याच्या फोनमध्ये तुमचं नाव तेच राहतं. क्लायंटची प्रतिमा हे तुमचं काम. पण ते काम होतं ते तुमच्या शब्दावर, म्हणून ती सांभाळताना स्वतःचा शब्द खर्ची घालायचा नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

१. रुजू होताच हे कागद मागून घ्या

डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद आहे, सीएची सनद जाऊ शकते. आपल्या धंद्यात परवाना नावाची गोष्टच नाही. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत तिने आचारसंहिता स्वीकारली आणि म्हणूनच २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन साजरा होतो. पण सदस्यत्व ऐच्छिक आहे. संहिता मोडली म्हणून कुणी तुम्हाला काम करण्यापासून रोखू शकत नाही.

शिक्षा मग कुठून येते? लंडनच्या बेल पॉटिंजर या बड्या एजन्सीचं उदाहरण वाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी तिने चालवलेली मोहीम वांशिक तेढ वाढवणारी ठरली. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या पीआर संघटनेने तिला काढून टाकलं. कायद्याने त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं. पण क्लायंट धडाधड सोडून गेले आणि त्याच महिन्यात कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. ज्या एजन्सीचं काम दुसऱ्यांची प्रतिष्ठा राखणं, तिच्याजवळ कुणाला दिसायचं नव्हतं.

तर पहिल्या आठवड्यात एक फोल्डर करा आणि त्यात हे ठेवा:

- क्लायंटबरोबरच्या कराराची प्रत, निदान कामाची व्याप्ती आणि गोपनीयतेची कलमं
- क्लायंटच्या वतीने कोण बोलू शकतो, याची लेखी यादी
- एजन्सीचं भेटवस्तूंबाबतचं धोरण. नसेल तर वरिष्ठांना मेल करून विचारा, उत्तर मेलवरच घ्या
- जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्की या मुंबईतल्या संस्थेची संहिता आणि इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली
- दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं
- क्लायंटच्या धंद्याचा खास कायदा: बिल्डर असेल तर रेरा, औषधं असतील तर १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार कायदा, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर सेबीचे नियम

डॉक्टर क्लायंट असेल तर आणखी एक. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरने स्वतःची जाहिरात करायची नसते. 'प्रसिद्ध डॉक्टरांनी केली चमत्कारिक शस्त्रक्रिया' अशी प्रेसनोट काढून तुम्ही त्यांनाच अडचणीत आणता. रुग्णाचा फोटो लेखी संमतीशिवाय नाही, मग डॉक्टरसाहेब कितीही आग्रह करोत.

२. प्रेसनोटमधल्या प्रत्येक दाव्याला कागद मागा

पहिल्या वर्षात तुमचा सगळ्यात जास्त वेळ प्रेसनोटमध्ये जाणार आहे, आणि नाव गमावण्याच्या सगळ्यात जास्त जागाही तिथेच आहेत. क्लायंटच्या मार्केटिंग विभागाकडून साधारण असा मजकूर येतो:

'पुण्यातील सर्वात भव्य व राज्यातील पहिल्या हरित गृहप्रकल्पाचा शानदार शुभारंभ. अवघ्या तीन दिवसांत ८० टक्के घरांची विक्री. मेट्रो स्थानकापासून केवळ ५ मिनिटांच्या अंतरावर.'

एकेक शब्द धरून प्रश्न विचारा. सर्वात भव्य म्हणजे कशात? एकरांत, घरांत की मजल्यांत? राज्यातला पहिला, हे मोजलं कुणी? हरित म्हणजे कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र, आणि ते मिळालं आहे की पूर्व-प्रमाणपत्र आहे? ८० टक्के कशाचे? बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात खुल्या केलेल्या एका इमारतीचे असतात. विक्री म्हणजे नोंदणीकृत करारनामा, की टोकन, की नुसता 'इंटरेस्ट' दाखवणारा फॉर्म? मेट्रो स्थानक चालू आहे की नकाशावर आहे? पाच मिनिटं चालत, की पहाटे सहाला गाडीने?

क्लायंट कंटाळतो. म्हणतो, 'अहो, जाहिरात थोडीच आहे, बातमीच तर आहे.' इथे रेरा कायद्याचं कलम २ उघडून दाखवा. त्यातली जाहिरातीची व्याख्या ऐसपैस आहे. प्रकल्पाची माहिती देणारी नोटीस, परिपत्रक, कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी, सगळं तिच्यात येतं. कलम १२ म्हणतं, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून ग्राहकाने पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची. नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही. महाराष्ट्रात तर १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही लागतो. हे ऐकल्यावर मार्केटिंगवाले मऊ होतात. नैतिकतेवर भाषण देऊन होत नाही ते काम कलमाचा आकडा करतो, हा माझा अनुभव आहे.

चाळून उरतं ते असं: 'अमुक भागातील तमुक गृहप्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १२० पैकी ९६ घरांची आगाऊ नोंदणी झाल्याचे कंपनीने सांगितले. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक अमुक असून, प्रस्तावित मेट्रो स्थानक सुमारे दीड किलोमीटरवर आहे.' रुक्ष वाटेल. पण बातमी छापणाऱ्या उपसंपादकाला हेच हवं असतं, कारण 'शानदार', 'भव्य-दिव्य', 'दिमाखदार' हे शब्द तो तसेही कापणारच असतो.

सवय अशी लावा:

- प्रत्येक आकड्यासमोर पुराव्याचा कागद कोणता, हे वेगळ्या तक्त्यात लिहा. तक्ता क्लायंटकडून मेलवर मंजूर करून घ्या
- फोनवरची 'हो, पाठवा' ही मंजुरी धरू नका. फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका: 'आत्ता बोलल्याप्रमाणे सोबतचा मजकूर मंजूर समजून चार वाजता पाठवते आहे'
- अध्यक्षांच्या तोंडी घातलेलं वाक्य अध्यक्षांनी वाचलेलं असलं पाहिजे. आपणच लिहितो हे सगळ्यांना माहीत आहे, पण उद्या वार्ताहराने त्यांना त्याबद्दल विचारलं आणि ते 'मी कधी म्हणालो?' म्हणाले, तर पंचाईत तुमची
- चूक गेलीच, तर दुरुस्तीची नोट लगेच सगळ्यांना. बातमी छापून आली नसली तरी

सापळा: 'देशातील पहिले' हा दावा इंटरनेटवर शोधून खात्री झाली असं मानणं. आपल्याला दुसरा सापडला नाही, एवढंच त्यातून कळतं. अशा वेळी 'कंपनीच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द घाला, नाहीतर दावाच काढा.

३. पैसे देऊन छापलं असेल तर तसं दिसू द्या

२००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांनंतर 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत पोचला. वेगवेगळ्या दैनिकांत उमेदवारांचं कौतुक करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये यावर सविस्तर अहवाल लिहिला. तो पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती अधिकारातल्या आदेशानंतर. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला, वर्तमानपत्रांतल्या पैसे देऊन छापलेल्या मजकुराचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून, निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

हे तुमच्याशी संबंधित आहे, कारण एजन्सीकडे कधी ना कधी राजकीय काम येतंच. नगरपालिका, महापालिका, झेडपी, साखर कारखाना, काहीही. तेव्हा तीन गोष्टी बघा: छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का (लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ), टीव्हीवरच्या जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी आहे का, आणि दिलेला प्रत्येक रुपया उमेदवाराच्या खर्चात धरला जातो आहे का. पैसे रोखीने आणि बातमीच्या रूपात, असा प्रस्ताव आला तर त्या खोलीत थांबू नका.

निवडणूक नसतानाचा रोजचा प्रकार साधा असतो. वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागातून फोन येतो, वर्धापनदिनाची पुरवणी निघते आहे, अर्ध्या पानाचं पॅकेज आहे, मुलाखतही घेऊ. यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा वाचकाला ती जाहिरात आहे हे कळत नाही. म्हणून रिलीज ऑर्डरमध्येच, म्हणजे जाहिरात छापण्याच्या लेखी ऑर्डरमध्येच, लिहून घ्या की मजकुरावर 'जाहिरात' किंवा 'इम्पॅक्ट फीचर' असं दिसेल अशा टाइपात छापलं जाईल. आणि महिन्याच्या डॉकेटमध्ये, म्हणजे क्लायंटला द्यायच्या कात्रणांच्या फाइलमध्ये, ही कात्रणं वेगळ्या भागात लावा. पेड आणि खरी कात्रणं एकत्र करून जाडजूड डॉकेट दाखवणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी हातचलाखी आहे, आणि क्लायंटकडे एखादा माजी पत्रकार रुजू झाला की ती दहा मिनिटांत उघडी पडते.

त्याच डॉकेटच्या शेवटी असलेला 'जाहिरात मूल्य' नावाचा आकडाही विसरा. कात्रणाचे चौरस सेंटिमीटर गुणिले जाहिरातीचा दर, वर आणखी गुणिले तीन. पीआरचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी हे मोजमाप मोडीत काढलं, तरी आपल्याकडे ते चालूच आहे. मागितलं तर द्या, पण त्यासोबत बातमीत क्लायंटचा मुद्दा आला का, हेही द्या.

४. पाकीट, मिठाई आणि गाडीभाडं

यावर उघड बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. पत्रकार परिषदेत किटमध्ये पैशांचं पाकीट घालण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. क्लायंट म्हणेल, 'इथे असंच चालतं.' तुम्ही घालू नका. ज्याला पाकीट दिलं त्याच्या बातमीवर तुम्ही उद्या विश्वास कसा ठेवणार? तोच दुसऱ्याचंही घेणार. आणि ज्याने ते परत केलं, त्याच्या नजरेतून तुम्ही उतरलात ते कायमचं.

माझा नियम साधा आहे: जे सगळ्यांना, सगळ्यांसमोर देता येतं तेच द्यायचं. चहा-नाश्ता, वही-पेन, माहितीचा पेनड्राइव्ह, दूरच्या कारखान्यावर जायचं असेल तर सगळ्यांसाठी एक बस. दिवाळीला मिठाईचा पुडा. चांदीचं नाणं, गिफ्ट कार्ड, मोबाइल नाही. काही दैनिकांचे लोक मिठाईही नम्रपणे परत करतात, तेव्हा 'अहो, घ्या हो, आमच्या साहेबांना वाईट वाटेल' म्हणून मागे लागू नका.

एखाद्याने तोंडावर मागितलं तर? लहान गावातल्या परिषदेत एक जण बाजूला येऊन म्हणतो, 'ताई, आमच्या पेट्रोलचं काय?' रागावू नका, उपदेशही नको. 'दादा, आमच्याकडे ती सोय नाही. बातमीसाठी काही लागलं तर रात्री दहापर्यंत फोन चालू आहे.' एवढंच. एखादी बातमी जाईल, जाऊ दे. त्या बिचाऱ्या वार्ताहरांना अनेकदा बातमीमागे किरकोळ मानधन मिळतं, ही परिस्थिती मला कळते. पण तिचा इलाज तुमच्या क्लायंटच्या पाकिटात नाही.

५. पत्रकाराशी बोलताना

खोटं बोलायचं नाही, हे सांगायला नको. कठीण असतं ते 'सांगू शकत नाही' म्हणणं. कारखान्यात कामगार कपात होणार आहे, तुम्हाला माहीत आहे, जाहीर व्हायचं आहे. वार्ताहर विचारतो, 'कपात होतेय म्हणे?' 'नाही हो, काहीतरीच' असं उत्तर दिलंत, तर तीन दिवसांनी घोषणा होते आणि तुमचं काम संपतं. 'यावर मला आत्ता बोलता येणार नाही. अधिकृत सांगण्यासारखं काही झालं की तुम्हाला कळवते,' असं म्हणा. तो अर्थ काय काढायचा तो काढेल. पण तुम्ही फसवलं असं म्हणणार नाही. आणि 'माहीत नाही, विचारून सांगते' म्हणालात तर खरंच विचारा आणि सांगा, मिळालेलं उत्तर 'माहिती देता येत नाही' हे असलं तरी.

ऑफ द रेकॉर्डची बोली आधी ठरवायची असते. सगळं बोलून झाल्यावर 'हे छापू नका हं' म्हटलं तर समोरचा बांधील नाही. नव्या माणसाने तर ऑफ द रेकॉर्ड बोलूच नये. ते काम वरिष्ठांवर सोडा.

बाकी भराभर सांगते. एक्सक्लुझिव्ह एकालाच द्यायची, दोघांना दिली की दोघेही जातात. एम्बार्गो, म्हणजे ठरल्या वेळेआधी छापायचं नाही ही अट, लावला असेल तर तो सगळ्यांसाठी सारखा, मोठ्या दैनिकाला आधी छापू दिलं की बाकीचे लक्षात ठेवतात. छापण्याआधी कॉपी दाखवा, असं म्हणायचं नाही. आकडे तपासून घ्यायची तयारी दाखवायची. बातमी विरोधात गेली तर आधी त्या वार्ताहराशी बोला. त्याला डावलून थेट संपादकाकडे, किंवा त्याहून वाईट म्हणजे जाहिरात विभागाकडे गेलात आणि 'जाहिराती बंद करू' म्हणालात, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रेस क्लबात पोचलेली असते. आणि रात्री आठला, पानं लावायची घाई चालू असताना, 'आपली बातमी लागतेय ना?' असा फोन करू नका. हा नैतिकतेचा प्रश्न नाही, पण याने तुटलेली नाती मी जास्त पाहिली आहेत.

६. रील्स, रिव्ह्यू आणि खोटी खाती

इंटर्नला हमखास मिळणारं काम: पाच ईमेल उघड, त्यावरून क्लायंटच्या हॉटेलला पाच-पाच स्टार दे. करू नका. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे, आणि खोटे रिव्ह्यू ही ग्राहक कायद्याच्या दृष्टीने दिशाभूलच आहे. वर, ती खाती तुमच्या फोनवरून उघडलेली असतात, बॉसच्या नाही.

इन्फ्लुएन्सरचं काम असेल तर आस्कीचे २०२१ चे आणि ग्राहक मंत्रालयाचे जानेवारी २०२३ चे नियम वाचा. सार असं: पैसे दिले असोत, फुकट वस्तू दिली असो, हॉटेलात राहू दिलं असो किंवा नातं असो, ते सांगायलाच हवं. आणि ज्या भाषेत पोस्ट आहे त्याच भाषेत सांगायला हवं. मराठी रीलच्या तळाशी, वीस हॅशटॅगच्या गर्दीत इंग्रजीतलं एक आखूड अक्षरकूट टाकून भागत नाही. 'सशुल्क जाहिरात' असं स्पष्ट लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. इन्फ्लुएन्सरवर एक वर्षाची बंदीही येऊ शकते. हे वाक्य ब्रीफच्या मेलमध्ये घालून टाका. कोल्हापूरच्या एखाद्या फूड-व्लॉगरला हे खरोखर माहीत नसतं, आणि सांगणं आपलं काम आहे.

७. शेअर बाजारातली कंपनी क्लायंट असेल तर

तिमाही निकाल, विलीनीकरण, मोठी ऑर्डर अशी भाव हलवणारी माहिती जाहीर होण्याआधी तुमच्या हातात येते, कारण प्रेसनोट आदल्या रात्री लिहायची असते. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसार कंपनी अशा माणसांची नोंद पॅनसकट ठेवते. तुमचं नाव त्यात आहे. ते शेअर घ्यायचे नाहीत, मामाला सांगायचं नाही, लोकलमध्ये त्या फाइलवर फोनवर बोलायचं नाही. आणि प्रेसनोट स्टॉक एक्स्चेंजला माहिती गेल्यानंतरच पाठवायची, एक मिनिटही आधी नाही.

८. संकट आलं की पहिलं वाक्य कुणाचं?

दोन जुनी प्रकरणं नीट अभ्यासा, दोन्हींचा महाराष्ट्राशी संबंध आहे.

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारींवरून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. कंपनीचा पवित्रा असा होता की उत्पादनात दोष असणं शक्य नाही, दुकानात नीट साठवण न झाल्याने हे झालं असेल. तांत्रिकदृष्ट्या हे चूक होतं असं नाही, चॉकलेटला कीड दुकानात लागू शकते. पण मुलाच्या हातातलं चॉकलेट बघणाऱ्या आईच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो, मग तुमचं वेष्टन काय कामाचं? त्याला उत्तर तयार नव्हतं आणि विक्री घसरली. नंतर कंपनीने 'प्रोजेक्ट विश्वास' हाती घेतला, दुकानदारांना साठवणीचं शिक्षण दिलं, २००४ च्या सुरुवातीला जास्त घट्ट वेष्टन आणलं आणि अमिताभ बच्चन यांना घेऊन लोकांसमोर गेली. क्रम बघा. आधी वेष्टन बदललं, त्यावर बच्चन बोलले. नुसते बच्चन आणले असते तर हसं झालं असतं.

दुसरं मॅगीचं. जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, कंपनीला म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती आणि चाचण्या केलेल्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती, या कारणांनी. फेरतपासणी झाली, नोव्हेंबरमध्ये माल परत दुकानांत आला. म्हणजे कोर्टात कंपनीच्या बाजूने निकाल लागला. पण त्याआधी मे महिनाभर बातम्या पेटत असताना कंपनी फार मोजकं बोलली, आणि ती जागा दुसऱ्यांनी भरली. वकील म्हणतो, बोलू नका. तो त्याच्या जागी बरोबर असतो. तुमचं काम त्याच्याशी बसून 'एवढं तरी बोलता येईल' अशा चार ओळी काढणं हे आहे.

त्या चार ओळी आधीच तयार ठेवा. साचा असा:

'आज सकाळी आमच्या ___ येथील कारखान्यात ___ झाल्याचे आम्हाला समजले. ___ जणांवर ___ येथे उपचार सुरू आहेत. त्यांच्या कुटुंबीयांशी आम्ही संपर्कात आहोत. कारण अद्याप निश्चित झालेले नाही व संबंधित यंत्रणांना आम्ही संपूर्ण सहकार्य करीत आहोत. पुढील माहिती आज सायंकाळी पाच वाजता देऊ.'

जखमींचा आकडा पक्का नसेल तर आकडा घालू नका, 'काही जण' म्हणा. आणि पाच म्हटलं की पाचला बोला, नवीन काही नसलं तरी.

सापळा: दुकानदार, ठेकेदार, मृत कामगार किंवा 'काही असंतुष्ट घटक' यांच्यावर पहिल्याच निवेदनात बोट ठेवणं. दुसरा सापळा शाळा-संस्थांच्या कामात येतो. लहान मुलावरच्या अत्याचाराचं प्रकरण असेल तर मुलाची ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही, अगदी 'आमच्या सहावी-ब मधील' एवढंही नाही. पॉक्सो आणि बाल न्याय कायदा, दोन्हींत तो गुन्हा आहे. शाळेची बाजू मांडायच्या नादात हे सहज होतं.

९. नाही कसं म्हणायचं

पहिल्या वर्षी पगार कमी, भाडं जास्त, आणि समोर बॉस. मी तुम्हाला रोज राजीनामा खिशात ठेवा म्हणणार नाही. शिवाय प्रत्येक गोष्ट लढण्यासारखी नसते. क्लायंटला 'अग्रगण्य' शब्द हवाच असेल तर घाला, कुणाचं काही जात नाही. आकडा खोटा असेल, रुग्णाला किंवा गुंतवणूकदाराला त्याने नुकसान होणार असेल, प्रतिस्पर्ध्याची निनावी बदनामी करायची असेल, तिथे थांबा.

थांबायची भाषा अशी ठेवा की बॉसला बाहेर पडायला वाट राहील: 'सर, या आकड्याचा कागद क्लायंटकडून आला नाही. उद्या एखाद्या वार्ताहराने मागितला तर आपल्याकडे देण्यासारखं काही नाही. आकडा काढून नोट पाठवू का, की कागद येईपर्यंत थांबू?' हा मेल लिहा, तोंडी नको. बहुतेक बॉस इथे आकडा काढायला सांगतात. कारण त्यांनाही लेखी 'खोटा पाठव' म्हणायचं नसतं. बदनामीचं काम असेल तर सरळ भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ सांगा, बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे.

तरीही दबाव आला तर त्या नोटवर संपर्क म्हणून तुमचं नाव आणि नंबर टाकू देऊ नका. आणि असं महिन्याआड व्हायला लागलं तर दुसरी नोकरी बघा, शांतपणे, आधी मिळवून मग सोडा.

१०. नोकरी बदलताना

एजन्सीची मीडिया लिस्ट पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ नका. ती त्यांची आहे, शिवाय त्यात शेकडो लोकांचे वैयक्तिक नंबर आहेत. तुमच्या स्वतःच्या ओळखी तुमच्या फोनमध्ये आहेतच. जुन्या क्लायंटची गुपितं नव्या ठिकाणच्या मुलाखतीत सांगून भाव खाऊ नका. मुलाखत घेणारा ऐकतो, हसतो आणि मनात नोंद करतो की उद्या ही आपलंही असंच सांगणार. कामाचे नमुने दाखवायचे असतील तर छापून आलेलं दाखवा, अंतर्गत सादरीकरणं नको.

शेवटच्या आठवड्यात ज्या वार्ताहरांशी नेहमी बोलणं होतं त्यांना एक-एक मेसेज करा: मी अमुक तारखेपासून इथे नसेन, या क्लायंटसाठी यापुढे अमुक जण बघतील, त्यांचा नंबर हा. ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. प्रत्येकाला वेगळा पाठवा आणि कुणाला काही द्यायचं कबूल केलं असेल, एखादा फोटो, एखादा आकडा, तर तो त्याच मेसेजसोबत देऊन टाका.